एका पोरीला दोन चांगल्या आया चालत नाहीत का? मालिका-सिनेमावाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मालिका आणि सिनेमे लिहिणारे समस्त लेखक, दिग्दर्शक, आणि चॅनेलच्या ऑफिसात बसून "अजून थोडं ड्रामॅटिक करा ना" असं सांगणारी क्रिएटिव्ह टीम,

नमस्कार.

मी तुमची प्रेक्षक आहे हे आधीच सांगते, म्हणजे "आवडत नाही तर बघू नका" हे उत्तर द्यायचे कष्ट वाचतील. रात्रीची जेवणं आमच्याकडे टीव्हीसमोरच होतात, सासूबाईंना एकही एपिसोड चुकलेला चालत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही चालत. दुसरं म्हणजे मी सावत्र आई आहे. डोंबिवलीत राहते, नोकरी करते, नवऱ्याच्या पहिल्या लग्नाची मुलगी आमच्याकडे असते, ती दहावीला आहे, आणि मला झालेला मुलगा सीनियर केजीत आहे. मुलीची आई नाशिकला असते. ती जिवंत आहे, धडधाकट आहे आणि चांगली बाई आहे. हे शेवटचं वाक्य जरा परत वाचा कारण माझं सगळं भांडण तिथेच आहे.

तुमच्या गोष्टींचा एक नियम आहे, कुठे लिहून ठेवलेला नसेल पण तुम्ही सगळे तो पाळता. एका पोराभोवती दोन आया आल्या की दोघी एकाच वेळी जिवंत आणि चांगल्या असायला परवानगी नाही. एक चांगली असेल तर दुसरी मेलेली, नाहीतर मरायला टेकलेली, नाहीतर नालायक. तपासून बघा, मी पण बघितलं. ‘कुछ कुछ होता है’, १९९८, आई बाळंतपणात जाते, पत्रं लिहून ठेवते, मग पोरगीच बापाला नवी बायको शोधून देते, आणि सिनेमा लग्नाशी संपतो, म्हणजे सावत्र आईपणाचा पहिला सोमवार, शाळेचा डबा, केस विंचरताना झालेली रडारड, यातलं काही दाखवायची वेळच येत नाही. त्याच वर्षी हॉलिवूडचा ‘स्टेपमॉम’ आला आणि २०१० मध्ये त्याचाच आपल्याकडे ‘वी आर फॅमिली’ झाला, काजोल सख्खी, करीना होणारी सावत्र, दोघीही चांगल्या, दोघीही समजूतदार. मग काय करायचं? सख्खीला कॅन्सर. दोन चांगल्या बायका आणि एक डायनिंग टेबल हे गणित लेखकाला सुटलं नाही की एकीचे रिपोर्ट खराब येतात.

मला स्वतःला १९८३ चा ‘मासूम’ या सगळ्यात उजवा वाटतो. त्यात शबाना आझमीची इंदू नवऱ्याच्या बाहेरच्या पोराला घरात घेते, पण लगेच पदर पसरून देवी वगैरे होत नाही, तिला त्या पोराकडे बघवत नाही, ती चिडते, आणि मुख्य म्हणजे तिचा राग कुणावर आहे हे सिनेमा विसरत नाही, नवऱ्यावर आहे. तिला वेळ दिलाय. पण नियम तिथेही आहेच, पोराची सख्खी आई आधीच गेलेली.

आता मराठीचं घेऊ. २०१३ ला ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली, अख्ख्या महाराष्ट्राने बघितली, त्यातली जान्हवीची सावत्र आई शशिकला आठवते ना? आशा शेलारांनी काम एवढं झकास केलं की त्या कुठे दुसऱ्या भूमिकेत दिसल्या तरी आमच्या सासूबाई "आली बघ ती" म्हणायच्या. पैशाची हाव, पोरीच्या पगारावर डोळा, नवऱ्याला टोमणे, सगळं पॅकेज. मग बरोबर दहा वर्षांनी, २०२३ ला, ‘प्रेमाची गोष्ट’ आली आणि त्यात जान्हवीचं काम केलेली तीच तेजश्री प्रधान (आमच्या डोंबिवलीची, हे सांगितल्याशिवाय डोंबिवलीकराला पुढे जाता येत नाही) स्वतः सावत्र आई झाली, मुक्ता, सईवर जीव टाकणारी. मी म्हटलं चला, सावत्र आईच हिरॉइन, आता तरी काहीतरी बदललं. कसलं काय. सईची सख्खी आई सावनी झाली खलनायिका. खुर्ची तीच, फक्त बसणारी बदलली.

आणि त्यातही मुक्ता आई होऊ शकत नाही असं दाखवलंय. ती गोष्ट मुळात हिंदीतल्या ‘ये है मोहब्बतें’ची, तिथल्या इशिताचंही तेच. म्हणजे सावत्र आई चांगली दाखवायची तर आधी तिला स्वतःचं मूल होणार नाही याची व्यवस्था करायची, म्हणजे मग प्रेक्षकाला खात्री पटते की हिच्या मनात काळंबेरं नाही. ज्या बाईला नवऱ्याची एक मुलगी आहे आणि स्वतःचा एक मुलगा आहे आणि ती सकाळी साडेसहाला दोघांच्या डब्यात एकच दुधीची भाजी भरतेय आणि दोघंही तोंड वाकडं करतायत, ती बाई तुमच्या कुठल्याच खात्यात बसत नाही. तशा बाया भरपूर आहेत हो.

यात गंमत बघा, सावत्र बाप असला की तुम्हाला एकदम माणुसकी सुचते. ‘माझी तुझी रेशीमगाठ’मध्ये श्रेयस तळपदे त्या छोट्या परीवर जीव लावायला लागला की अख्खा महाराष्ट्र विरघळला, मी पण विरघळले, छानच केलं होतं ते. त्याच्या मनात काय आहे, हा पोरीचं काही वाईट तर करणार नाही ना, असं कुणी कॅमेरा झूम करून विचारलं नाही. त्याने फुगे आणले की तो हिरो. मी फुगे आणले तर सोसायटीतल्या काकू म्हणतात, दाखवायला करते.

ही खोड तुम्ही लावलेली नाही हे मला मान्य आहे. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी गोष्टी छापल्या, १८१२ ची पहिली आवृत्ती, त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र करून टाकलं. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायचा हट्ट धरणारीसुद्धा आधी आईच होती, तीही पुढे १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. म्हणजे वाईट वागणारी बाई आई असूच शकत नाही असं एकदा ठरवून टाकलं की झालं, आई पवित्र राहते आणि सगळं पाप दुसरीच्या नावावर. १९३७ मध्ये डिस्नेने त्या राणीला पडद्यावर आणलं आणि मग जगभरच्या पोरांना सावत्र आईचा चेहरा कसा असतो ते पाठ झालं, भुवया, आरसा आणि सफरचंद.

आपल्याकडचं मूळ वेगळं आहे. आपल्या जुन्या गोष्टीतली सावत्र आई म्हणजे खरं तर सवत, एकाच वाड्यात एकाच नवऱ्याच्या दोघीतिघी, आणि कुणाच्या पोराला गादी मिळणार हा खराखुरा प्रश्न. श्रावणातल्या कहाण्यांमध्ये आवडती-नावडती येते ती तिथून. तो प्रकार आपल्या राज्यात कायद्याने कधीच संपला, मुंबई प्रांतात १९४६ लाच हिंदूंच्या दुसऱ्या बायकोवर बंदी आली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर. आजची सावत्र आई येते ती पहिली वारल्यावर नाहीतर घटस्फोटानंतर. सवतीचं भांडण उरलं नाही, गादी उरली नाही, राहिलं काय तर वन बीएचके आणि त्याचा हप्ता. तरी तुमची खलनायिका अजून गादीसाठीच भांडतेय.

आणि जुन्या गोष्टी तरी कुठे इतक्या सरसकट होत्या? कैकेयी सगळ्यांना माहिती, पण वाल्मीकी रामायणात मंथरा रामाच्या राज्याभिषेकाची बातमी घेऊन येते तेव्हा कैकेयी आनंदाने तिला दागिना काढून देते, राम आणि भरत मला सारखेच म्हणते, कान भरले गेले ते नंतर. सुमित्रा तर कुणालाच आठवत नाही. ती रामाची सावत्र आईच ना? तिने पोटच्या लक्ष्मणाला चौदा वर्षांसाठी सावत्र मुलाच्या मागे वनात पाठवलं, रामाला दशरथ समज आणि सीतेला माझ्या जागी समज म्हणून. कुंती नकुल-सहदेवांची सावत्र आई. पांडव वनवासाला निघाले तेव्हा ती द्रौपदीला वेगळं बोलावून सांगते की सहदेवाकडे लक्ष दे, म्हणजे माद्रीच्या धाकट्याकडे. (माद्री मेलेली आहे हे माझ्या लक्षात आलंय, तुमचा नियम बराच जुना दिसतोय. पण सुमित्रा आणि कौसल्या दोघी जिवंत आहेत आणि दोघी चांगल्या आहेत, तेव्हा जमायला हरकत नसावी.)

ध्रुवाची गोष्ट माझ्या मुलीला सासूबाईंनीच सांगितली होती. सुरुचीने त्याला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही, सुरुची वाईट. बरोबर आहे, वाईटच वागली. पण मांडी कुणाची होती? उत्तानपाद राजा तिथेच बसलेला आहे, पाच वर्षांचं पोर रडत चाललंय, आणि राजेसाहेब गप्प. हजारो वर्षं आपण सुरुचीला बोल लावतोय आणि त्या मांडीवाल्याला कुणी एक शब्द विचारत नाही. हॅन्सेल-ग्रेटेलचा बापही तसाच, पोरांना जंगलात सोडून आलेला असतो, शेवटी पोरं परत येऊन त्याच्या गळ्यात पडतात आणि सगळं माफ. तुमच्या मालिकांमधले बाप तर विचारूच नका, एकतर व्हीलचेअरवर, नाहीतर बिझनेस टूरवर, नाहीतर हार घातलेल्या फोटोत. हा माणूस जागेवर असेल, सकाळी उठून पोरीची वेणी घालत असेल, "तुझी आई आणि ही, दोघी राहतील, तुला कुणाला निवडायचं नाहीये" हे पोरीला स्वतःच्या तोंडाने सांगत असेल, तर तुमचा अर्धा ट्रॅक तिथेच संपतो, मला वाटतं म्हणूनच तुम्ही त्याला टूरवर पाठवता.

इतिहासाबद्दल थोडंसंच बोलते कारण लोक लगेच तलवारी काढतात. सोयराबाई राणीसाहेब २०२५ च्या ‘छावा’मध्येही होत्या, त्याआधी टीव्हीवरही, आणि दर वेळी आपण एक जळकी सावत्र आई बघून उठतो. १६८० मध्ये जे झालं ते गादीचं राजकारण होतं, त्यात अण्णाजी दत्तो होते, मोरोपंत होते, राज्यातली बडी माणसं होती, आणि सोयराबाईंचे सख्खे भाऊ हंबीरराव मोहिते बहिणीच्या नाही तर संभाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिले. केवढी मोठी गोष्ट आहे ही, भाच्याला गादी मिळत असताना बहिणीच्या सावत्र मुलाच्या मागे उभा राहिलेला सेनापती! पण पडद्यावर मनात राहतं काय तर तिचे डोळे.

प्रॉपर्टीचा एक मुद्दा राहिला, कारण तुमची सावत्र आई नेहमी सह्या मागत असते. १९९२ चा ‘बेटा’ बघा, अरुणा इराणींना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं, ती गोष्ट तामिळमधून आली आणि तेलुगू-कन्नडमध्येही झाली, म्हणजे देशभर खपली. सावत्र मुलाला अडाणी ठेवायचं, अंगठे घ्यायचे, नाही जमलं तर विष. अहो एखाद्या वकिलाला विचारा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या कमाईत बायको, पहिलीची आणि दुसरीची सगळी मुलं, आणि त्याची आई असेल तर ती, सगळ्यांना सारखा वाटा आहे, तिला कट करायची गरजच नाही. आणि लग्न झालेला सावत्र मुलगा मेला तर त्याचं सगळं त्याच्या बायकामुलांकडे आणि सख्खी आई असेल तर तिच्याकडे जातं, सावत्र आई ही ‘आई’ म्हणून त्या यादीत येतच नाही, वडिलांची विधवा म्हणून खूप खाली कुठेतरी येते. एवढं विष कालवून बाईच्या हाताला काय लागणार होतं?

उलट प्रश्न तिच्या म्हातारपणाचा असतो, त्यावर एकही एपिसोड मी पाहिलेला नाही. १९५६ च्याच पोटगीच्या कायद्यात मुलांनी आईबापांना सांभाळायचं म्हटलंय, आणि त्यात सावत्र आई धरली आहे ती फक्त स्वतःचं मूल नसलेली. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आला तेव्हा कुठे त्यात सावत्र आई आणि सावत्र वडील अशी कुठली अट न घालता ‘पालक’ म्हणून मोजले गेले. सरकारी कायदासुद्धा पुढे गेला, आणि सरकार काही फार वेगवान म्हणून प्रसिद्ध नाही.

तुम्ही म्हणाल करमणूक आहे, एवढं काय मनावर घेताय. घेते, कारण माझं लग्न झालं तेव्हा मुलगी दुसरीत होती, आणि एका रात्री जेवताना मालिकेत सावत्र आई दुधात काहीतरी कालवत होती (नाव सांगत नाही, तुम्हालाही ओळखता येणार नाही, सगळ्याच कालवतात), आणि पोरीने मी ठेवलेला दुधाचा ग्लास हळूच बाजूला सरकवला. काही बोलली नाही. नंतर सासूबाईंनी दिलेलं दूध प्यायली. त्यानंतर किती तरी दिवस दूध सासूबाईच देत होत्या आणि मी कपबशा विसळत होते. तिचं काय चुकलं? तिला कुणी तरी रोज रात्री महासंगम लावून शिकवत होतं.

तिला ओरडायचं म्हणजे तर कसरतच. शेजारच्या घरी आई पोराला धपाटा घालते, त्याला वळण लावणं म्हणतात, मी "मोबाईल ठेव आणि अभ्यासाला बस" म्हटलं की समोरच्या गॅलरीतला रेडिओ बंद होतो, नीट ऐकू यावं म्हणून. मग सावत्र आई करते काय, गप्प बसते, हसून बघते, पोरीला हवं ते देते, आणि त्यात नुकसान पोरीचंच होतं कारण तिला "नाही" म्हणणारं घरात कुणी उरत नाही. मला ते "नाही" म्हणायला दोनतीन वर्षं लागली. ती पहिल्यांदा माझ्यावर दार आपटून खोलीत गेली ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन खूश झाले होते, म्हटलं आता आपण घरातले झालो. हे कुठल्या मालिकेत दाखवाल?

तुमच्याकडे मोठा सीन म्हणजे पोरगी पहिल्यांदा ‘आई’ म्हणून हाक मारते तो. पाऊस, स्लो मोशन, सनई. माझी मुलगी मला मावशी म्हणते, अजूनही. शाळेच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात तिच्या आईचं नाव असतं आणि ते तसंच असायला हवं, मला तो रकाना नकोय. मला फक्त दवाखान्यात "पेशंटच्या तुम्ही कोण" विचारल्यावर "सावत्र आई" म्हटलं की काउंटरवरची बाई वर बघते, ते बघणं नकोय.

आणि भांडणं हवीत ना तुम्हाला? भरपूर आहेत. यंदा तिच्या आईने आम्हाला न विचारता तिला नवीन फोन घेऊन दिला, दहावीच्या वर्षात! आम्ही दोघी फोनवर जे काही बोललो ते मी इथे लिहिणार नाही. पंधरा दिवस फक्त "ओके" आणि "पोचली" एवढेच मेसेज. नवरा मध्ये पडला नाही म्हणून त्याच्याशी वेगळं भांडण. मग पोरीचे दात वाकडे निघाले, तारा लावायच्या की नाही, कुठल्या डॉक्टरकडे, पैसे कोण देणार, यावर परत बोलणं सुरू झालं आणि फोनचा विषय तसाच राहिला, मिटला बिटला काही नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती पंचवटीने नाशिकला गेली, येताना आईने माझ्यासाठी चिवडा पाठवला होता, तिखट जास्त होता, मी तसं कळवलं. कुणी कुणाला विष घातलं नाही, कुणी मेलं नाही, कुणी रडत पायावरही पडलं नाही, आणि तरी महिनाभर आमच्या घरात जो ताण होता ना, त्यावर तुमचे आरामात वीस एपिसोड निघतील. फुकट घ्या, नावही टाकू नका.

फक्त घेताना आई जिवंत ठेवा. तिला कॅन्सर देऊ नका, तिला दारू पाजू नका, परदेशात पळवू नका. बापाला टूरवरून परत बोलवा, त्याला दोन डायलॉग द्या आणि एकदा तरी त्याला पीटीएमला पाठवा. आणि सावत्र आईला स्वतःचं एक कार्टं द्या, असू दे, काही बिघडत नाही.

दर गुरुवारी टीआरपी येतो आणि तुम्ही तो बघून ट्रॅक फिरवता हे मला माहिती आहे, तेव्हा तुमची अडचण कळते. पण मी हा सगळा फोन आणि तारांचा किस्सा मैत्रिणीला सांगत होते तेव्हा आमच्या सासूबाईंनी तो ऐकला, आणि त्या टीव्ही म्यूट करून ऐकत होत्या. साडेआठच्या स्लॉटला. तुमच्या टीमला हे कळवा.

आणि ते बॅकग्राउंड म्युझिक, ती दारातून आत आली की जे ढँण्ण वाजतं, ते प्लीज आधी काढा, बाकीचं सावकाश केलंत तरी चालेल.

तुमची नियमित प्रेक्षक,
एक सावत्र आई, डोंबिवली (पूर्व)